कापून टाकलेलं निरूपण

देलू विहीणबाईंचा फोन आला तेव्हा तसल्ला अंगणात बाजरी कांडत होती. मुसळ तसंच उखळात सोडून तिने हात लुगड्याला पुसले आणि फोन कानाला लावला.

"सलाम आलेकुम, राणीबाई!" देलूचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. "आता काय बाबा, बाजारात जावं तर तुमचं गाणं, लग्नाला जावं तर तुमचं गाणं. आमच्यासारख्या गरिबांचा फोन घेता हेच नशीब!"

"गरिबांचा घेते, तुमचाच घ्यायचा की नाही याचा विचार करत होते," तसल्ला हसली. "बाळंतीण कशी आहे?"

बाळंतीण, एवढंच ती म्हणाली. बराका तिचं पहिलं लेकरू, आणि पहिल्या लेकराचं नाव आईच्या तोंडी येत नाही. आलंच तर ऐकणारे लाजेने मान खाली घालतात. बराकाला आजीने वाढवलं, आजीनेच तिच्या नावाने हाका मारल्या. तसल्लाने आजवर 'अगं' आणि 'ए पोरी' यावरच भागवलं होतं. आता बराकाला दुसरं बाळ झालं होतं, तेही सासरी, तुडू गावात. तसल्ला गेली नव्हती. जावयाच्या उंबऱ्यावर सासूने पाय ठेवायचा नसतो. आंघोळ घालायला तिने आपल्या थोरल्या बहिणीला पाठवलं होतं, तीही कालच परतली होती.

"बाळंतिणीचं काही खरं नाही," देलूचा आवाज जरा उतरला. "काल दुपारपासून ओकतेय. डोकं फुटतंय म्हणते, छातीवर कुणी बसलंय म्हणते. बाळ दूध ओढत नाही, नुसतं पेंगतंय."

"ताप?"

"ताप कसला! अंग गार आहे. मला वाटतं, वाऱ्यातलं काहीतरी लागलंय तिला. धुनी घातलीय, दार गच्च लावलंय, फटीत चिंध्या कोंबल्यात. हा थंड धुळीचा वारा बघताय ना कसा सुटलाय! पण तुम्ही नामकरणाची काळजी करू नका हो. बोकड बांधलाय. चवळी तर एवढी आहे की पाहुणे पळून जातील. तुमच्या गाण्यात आहे तश्शी बांधलीय, तिन्ही तोंडं. बाळंतिणीच्याच खोलीत रचल्यात पिशव्या. तिथे ती सदा असतेच, चोराची काय बिशाद! काल एक सोडून पाहिली. एक भुंगेरा दिसेल तर शपथ! आणि खात्रीला म्हणून प्रत्येकीत ती गोळीपण टाकली होती."

"कसली गोळी?" तसल्लाने विचारलं.

"बाजारातली हो. भुंगेऱ्यांची. राखाडी असते ती."

"अहो, गोळी टाकायची नाही म्हणून सांगितलंय ना मी! विष आहे ते! त्याची वाफ होते! सांगितलंय ना त्यात!"

"कशात?"

"गाण्यात! दुसऱ्या कडव्यानंतर बोलून सांगितलंय!"

"तुमच्या गाण्यात बोलणं कुठाय, विहीणबाई? सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणंच तर आहे. मला तोंडपाठ आहे." आणि देलूने लगेच सूर लावला, "तोंड बांध गं, घट्ट बांध, वारा नको आत…"

"दार उघडा!" तसल्ला ओरडली. "आधी तिला बाहेर काढा!"

फोन मेला होता. देलूच्या फोनची बॅटरी नेहमी अशीच दगा द्यायची. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. काही नाही.

सुगीच्या आधी शेतीखात्याची एक बाई तसल्लाच्या गावी, गामजीला आली होती. तिच्याजवळ हलती चित्रं होती. एक शेतकरीण चवळी उन्हात कडक वाळवते, तिपदरी पिशवीत भरते, हवा दाबून काढते आणि एकेक पदराचं तोंड वळून बांधते. आतले भुंगेरे हवेवाचून मरतात, औषध लागत नाही. चित्रं सुरेख होती, पण मुकी होती. बाई म्हणाली, तसल्लाचा आवाज द्या. सगळ्या टापूत बायकांच्या बैठकीत पैगंबराची स्तुती गाणारी, गाता गाता थांबून चार शब्द समजावून सांगणारी, रडवणारी, हसवणारी तीच तर होती. तसल्लाने तसंच केलं. पालुपद रचलं, कडवी रचली, आणि मध्ये थांबून निरूपण केलं. गोळीचं तिने मुद्दाम निरूपणात ठेवलं. एवढी गंभीर गोष्ट तालावर कशी सांगायची? ती थांबून, आवाज खाली आणून, बायांच्या डोळ्यांत बघावं तशी सांगायची. "बायांनो, या पिशवीत गोळी कधीच नको. बंद पिशवीत ती विषाचा धूर धरून बसते. आणि जिथे लेकरं निजतात तिथे तर ती आणूच नका." हे बोलताना शेतीखात्याच्या बाईच्याही अंगावर काटा आला होता.

मग ते बोलणं गेलं कुठे?

आता विचार करायला वेळ नव्हता. फोनमध्ये अजून एक नंबर होता. शैबूचा, जावयाचा. तो तिने कधीच दाबला नव्हता. दाबायचा नसतोच. तिने "बिस्मिल्ला" म्हटलं आणि दाबला.

"अलो?" शैबूचा मऊ आवाज आला.

"शैबू, मी तसल्ला. अरे…"

पलीकडे एक श्वास अडकल्यासारखा झाला आणि फोन कट झाला. तिने पुन्हा लावला. आता फोन बंदच होता.

तो का बोलला नाही ते तिला कळलं. शैबू भला पोरगा. सासूचा आवाज कानावर पडला तसा त्याला वाटलं असेल, बिचारीच्या हातून चुकून लागला. आपण बोललो तर ती लाजेने मरेल. म्हणून त्याने कट केला, आणि पुन्हा चूक होऊ नये म्हणून फोनच बंद करून ठेवला. आदराने. तिची लाज राखायला. आणि तिकडे खोलीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या होत्या.

ओढणी न घेताच ती रस्त्याला लागली.

गामजीच्या तिठ्यावर नझीरू आपल्या मोटारसायकलला टेकून उभा होता. तो दोन धंदे करायचा. माणसं पोचवायचा, आणि पत्र्याच्या टपरीत बसून लोकांच्या फोनच्या कार्डात गाणी भरून द्यायचा. मोटारसायकलच्या हँडलला त्याने गाणी वाजवायची एक पेटी बांधली होती, ती सदा वाजत असायची. आत्ताही वाजत होती, आणि त्यातून तसल्लाचाच आवाज येत होता.

"या काकी, या! तुमचंच लावलंय," तो म्हणाला. "ओढणी कुठे विसरलात? कुणी पाहिलं तर म्हणेल, गाणारीण झाली तशी लाज सोडली."

"तुडूला सोड. आत्ता. पळव."

तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. त्याने गाडीला लाथ मारली.

गाव मागे पडलं आणि वाळू लागली. वाऱ्याने दिवस पिवळा झाला होता. समोरचं बाभळीचं झाडही पुसून टाकल्यासारखं दिसत होतं. चाक वाळूत फसायचं, नझीरू पाय टेकून ढकलायचा, पुन्हा पळायचं. पेटी गातच होती. तोंड बांध गं, घट्ट बांध. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तसल्ला श्वास धरून बसली. आता बोलणं यायला हवं होतं. पण दुसरं कडवं संपलं न संपलं तोच, पापणी लवावी इतक्यात, तिसरं सुरू झालं.

"हे मधलं कुठे गेलं?" ती त्याच्या कानात ओरडली. "माझं बोलणं कुठाय?"

"ते होय! ते मी काढलं."

"काढलं?"

"अहो काकी, चित्रं आधी काढून टाकली, फार जागा खातात. आणि बोलणं कोण ऐकतं? लोक म्हणाले, गाणं रंगात येतं आणि ही बाई मध्येच उपदेश करते. नाचणाऱ्या पोरी थांबतात. मग मी ते कापलं आणि दोन्ही टोकं अशी जुळवली की जोड कळत नाही. कळला का तुम्हाला? सगळ्या टापूत असं काम कुणाला येत नाही." तो अभिमानाने म्हणाला. मग त्याने मान वळवली. "का हो? त्यात काय होतं एवढं?"

तसल्लाने त्याला सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, वारा शब्द हिसकावत होता. तिने गोळीचं सांगितलं, धुराचं सांगितलं, बाळंतिणीच्या खोलीचं सांगितलं.

 नझीरूने एका हाताने पेटी बंद केली. मग गाडी अशी पळवली की तसल्लाने डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे तिला ती खोली दिसत होती. कोपऱ्यात निखाऱ्यांचं घमेलं, आंघोळीच्या पाण्याची वाफ, भिंतीला रचलेल्या पिशव्या, आणि त्यांच्या पायथ्याशी चटईवर तिची लेक. त्या पिशव्यांची तोंडं तिच्याच आवाजाने बांधलेली होती. हे मालका, ती मनात म्हणत होती, या गळ्यात तूच सूर घातलास. पाहिजे तर हा गळा परत घे. आजपासून एक ओळ गाणार नाही. पण त्या दोघांचा श्वास घेऊ नकोस. तिचं हे मागणं संपेना, तिला दुसरं काही सुचेना. मध्येच एकदा गाडी आडवी झाली, दोघं वाळूत पडले, तिचं कोपर सोलून निघालं. नझीरू "लागलं का?" म्हणेपर्यंत ती पुन्हा मागे बसलीसुद्धा होती.

तुडूच्या अंगणात बायका हंडे घासत होत्या. कुणीतरी नामकरणाला वाटायच्या कोला फळांची टोपली निवडत होतं. शैबू बोकडाला चारा घालत होता. त्याने वर पाहिलं, आणि समोर उघड्या डोक्याने, रक्ताळल्या हाताने, वाळूने माखलेली सासू पाहून तो तसाच उकिडवा बसला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बायकांचे हात थांबले.

"विहीणबाई!" देलू पुढे धावली, दोन्ही हात पसरून, तिला झाकायलाच जणू. "अहो, हे काय रूप! जावई समोर आहे! लोक काय म्हणतील? मी निरोप पाठवला असता…"

"दार उघडा."

"कशाला? वारं लागेल पोरीला! तुम्ही आधी सावलीत बसा, पाणी प्या…"

तसल्लाने तिला बाजूला सारलं. खोलीच्या दाराला आतून कडी होती. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. आतून काहीच आवाज आला नाही. कण्हण्याचाही नाही.

तेव्हा ती ओरडली. "बराका! बराका! बराका गं!"

अंगणात कुणीतरी 'या अल्ला' म्हणून तोंडावर हात ठेवला. एका म्हातारीने डोळे झाकून घेतले. आणि शैबू, भिंतीकडे तोंड केलेला शैबू, वळला. पहिल्या लेकराचं नाव आई घेते म्हणजे मरणच दारात आलं असलं पाहिजे, एवढं त्याला समजलं. त्याने सासूच्या तोंडाकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत, आणि विचारलं, "काय करू, आई?"

"तोड!"

त्याने खांदा लावला. दुसऱ्या धक्क्याला कडी निखळली. आतून धुनीच्या वासाखाली दडलेला एक कुजक्या मासळीसारखा वास अंगावर आला. "श्वास धर आणि उचल!" तसल्ला म्हणाली, आणि दोघं एकदमच आत शिरले. तसल्लाने बाळ उचललं, शैबूने बायको उचलली. बाहेर, लांब, वाऱ्याच्या तोंडी, कडुलिंबाखाली त्यांना आणून ठेवलं.

बराकाचे ओठ निळसर झाले होते, पण छाती भात्यासारखी वरखाली होत होती. बाळ मात्र गप्प होतं. तसल्लाने त्याला गुंडाळलेलं कापड सोडलं, उघड्या हवेत धरलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. काही नाही. मऊ कणकेसारखं ते तिच्या हातात लोंबत होतं.

"माझं बाळ," बराका पुटपुटली.

"आहे गं. आहे," तसल्ला म्हणाली, आणि ती खोटं बोलतेय की खरं हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

तिने पुन्हा टिचकी मारली, जोरात. बाळाने एकदा नाक आकसलं. मग खोकलं. मग रुसल्यासारखं, बारीक, किरकिरं रडू लागलं. देलू मातीत फतकल मारून बसली आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने रडू लागली.

"रडायचं ते नंतर," तसल्ला म्हणाली. "विहीणबाई, उठा. या गावात आणखी कुणी गोळ्या टाकल्यात?"

देलूने हुंदका गिळला. "सगळ्यांनीच. मीच सांगितलं होतं ना… तुमच्या गाण्याबरोबर गोळी म्हणजे दुप्पट पक्कं, म्हणून."

"मग तुमच्या त्या आवाजाचा आज काहीतरी उपयोग करा. घरोघर जा. माणसं बाहेर, दारं उघडी, पिशव्यांना हात नाही."

देलू उठली. तिचा आवाज गल्लीतून दूर दूर जाताना ऐकू येत राहिला, कधी शिव्या देत, कधी विनवत, कधी दोन्ही एकदम.

दोन मोटारसायकलींवरून त्यांनी सडकेवरचा दवाखाना गाठला. एकीवर नझीरू आणि शैबूच्या मध्ये बराका. दुसरी शेजाऱ्याची, तिच्यावर बाळाला पाठीशी बांधून तसल्ला. दवाखान्यातल्या परिचारिकेने बराकाच्या नाकाला नळी लावली, बाळाची छाती ऐकली. "बाळ ठीक वाटतंय," ती म्हणाली. "आईचं आज काही सांगता येत नाही. हा धूर हृदयाला धरतो. उद्यापर्यंत जवळ बसा, आणि दुवा मागा."

बाळ बराकाच्या कुशीत दिलं तेव्हा त्याने थोडं दूध ओढलं. शैबू खाटेपाशी बसला. तसल्ला बाहेर, सडकेकडच्या बाकावर येऊन बसली. 

नझीरू समोर मातीत बसला होता, डोकं गुडघ्यात घालून.

"किती लोकांना दिलंस ते?" तिने विचारलं.

"मोजलं नाही, काकी. आठवड्याच्या बाजारात सगळेच घ्यायचे. आणि एकाने घेतलं की तो दहांना देतो. माझ्या हातात काय राहतं?" त्याने डोकं वर केलं. "तुमचं बोलणं आहे माझ्याकडे. टाकून दिलं नाही मी. पुन्हा जोडतो. आत्ता जोडतो."

"आणि ते ऐकेल कोण? तूच म्हणालास ना, बोलणं कुणी ऐकत नाही. दुसरा कुणी कापेल." तिने खाटेच्या दिशेने पाहिलं. आतून बराकाचा श्वास ऐकू येत होता, ओढून ओढून घेतलेला. "तुझा फोन काढ."

"काकी, आत्ता?"

"आत्ता. बोलणार नाही मी. गाणार आहे. गोळीचंच पालुपद करते. कापायला गेलास तर काही उरायलाच नको."

गळा परत घे म्हणून तिने वाटेत मागितलं होतं, ते तिला आठवलं. पण ती मालकालाच म्हणाली, थोडा थांब. मग फोनकडे न बघता, दाराच्या आतल्या त्या श्वासाचा ताल धरून, तिने सुरुवात केली. आवाज फाटत होता. गोळी नको गं, गोळी नको, निजल्या लेकरापाशी. दार उघड गं, दार उघड. ओसरीवरचे रुग्ण मान वर करून बघू लागले. एका बाईने दुसऱ्या खेपेला हलकेच पालुपद धरलं. पोटुशी होती ती. तिसऱ्या खेपेला ती मध्येच उठली आणि घरी सांगायला आपल्या नवऱ्याचा फोन मागू लागली.

"दे, सगळ्यांना दे," तसल्ला नझीरूला म्हणाली. तो आधीच देत होता, या फोनवरून त्या फोनवर. पण ते किती फोन! वारा वाहत होता, आणि त्या वाऱ्यापलीकडे, पिवळ्या धुळीपलीकडे किती गावं होती, किती खोल्या, किती घट्ट बांधलेली तोंडं. एक गाणं सुगीपासून चालत होतं. दुसरं आत्ता कुठे उठून उभं राहत होतं.

तेवढ्यात सडकेवरून एक मालट्रक येताना दिसला. वर पोत्यांचा डोंगर, पोत्यांवर माणसं, आणि टपाला बांधलेल्या भोंग्यातून गाणं. लांबून फक्त ठेका कळत होता. टाळ्यांचा ठेका दोन्ही गाण्यांचा एकच. तसल्लाने श्वास धरला. ट्रक जवळ आला, आणि शब्द स्पष्ट झाले. तिचाच आवाज, सुगीतला, निरोगी, आनंदी. तोंड बांध गं, घट्ट बांध, वारा नको आत. पोत्यांवरच्या बायका टाळ्या देत होत्या. दुसरं कडवं संपलं, आणि जोड न कळता तिसरं लागलं.

तसल्ला बाकावरून उठली, सडकेच्या मधोमध गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. ट्रकचा हॉर्न कर्कश वाजला. ती हलली नाही.